पोर्चवरचे जांभळे बूट

दर शनिवारी मी एका कधीच्या मेलेल्या डॉक्टरांच्या घरात लोकांना फिरवते. पगार नाही, चहासुद्धा घरून थर्मासमध्ये न्यावा लागतो. नवरा म्हणतो, हिला आपल्या घरातली धूळ दिसत नाही, पण दीडशे वर्षांपूर्वीची धूळ दाखवायला ही लोकांना हाताला धरून नेते. त्याला काय जातंय बोलायला. रिटायर झाल्यापासून तो दिवसभर क्रिकेटच्या जुन्या मॅचेस बघतो, ज्यांचा निकाल सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आमचं गाव इलिनॉयमध्ये, शिकागोपासून गाडीने तीन तासांवर. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात होती म्हणून आलो आणि राहून गेलो. दोन-तीन महिन्यांतून एकदा तिथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूला जायचं, पार्किंगवरून एकमेकांशी भांडायचं, पोहे, डाळी आणि कढीपत्ता घेऊन परत यायचं, एवढाच आमचा शिकागोशी संबंध. गावात मराठी घर आमचं एकच.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी भित्री आहे. मिरजेला लहानपणी मी कुत्र्यांना, पोलिसांना आणि गणिताच्या बाईंना घाबरायची. इथे आल्यावर त्यात भर पडली. वादळाचा भोंगा, हायवेवरचे ट्रक आणि सगळ्यांत जास्त दाराची बेल. तिकडे बेल वाजली की आपण कोण आलं म्हणून उठतो. इथे कुणी न कळवता बेल वाजवली की मी आधी टीव्हीचा आवाज बंद करते आणि श्वास धरून उभी राहते.

अशा बाईने त्या डॉक्टरांचं घर लोकांना दाखवावं, ही गंमतच आहे. कारण डॉक्टर कुणालाच घाबरत नसत.

ते पूर्वेकडच्या डोंगराळ भागातले. दोन हिवाळे वैद्यकीची व्याख्यानं ऐकली, एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी केली, की झाले डॉक्टर. तेव्हा एवढंच लागायचं. बायकोला घोड्यांच्या गाडीत बसवून ते इकडे आले तेव्हा हा सगळा मुलूख दलदलीचा होता. उन्हाळा सरता सरता घरोघरी हिवताप यायचा, धडधाकट माणसं एक दिवसाआड थडथडा कापायची. डॉक्टर क्विनाइनच्या पुड्या घेऊन घोड्यावरून हिंडत. त्यांची चामड्याची पिशवी बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. शाळेची मुलं आली की त्यांना फक्त त्यातली दात उपटायची पक्कड बघायची असते.

कसाईखान्याशेजारच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरांत जास्त माणसं मरतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. का मरतात ते त्यांनाही कळत नव्हतं. विहीर बुजवा म्हणून ते गावभर सांगत सुटले. कुणी ऐकेना. मग औषधाने होत नाही ते कायद्याने करून बघू, म्हणून ते राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. पहिल्यांदा सपाटून आपटले. मतं मागायला म्हणून निघायचे आणि वाटेत कुणाचं तरी बाळंतपण करून परत यायचे, असं त्यांच्या बायकोने एका नातेवाइकाला कळवलं होतं. दुसऱ्यांदा मात्र निवडून आले, आणि विहीरही बुजली.

इथवर मी हसत हसत सांगते. मग आम्ही जिन्याखाली ठेवलेल्या डॉक्टरांच्या काठीपाशी येतो.

यादवी युद्धाच्या आधीची ती वर्षं. दक्षिणेतून पळालेले गुलाम नदी ओलांडून या बाजूला येत, आणि त्यांना थारा देणं हा गुन्हा होता. डॉक्टरांनी अशाच एका माणसाच्या पायातली गोळी काढली, आणि झाकून ठेवण्याऐवजी भर सभेत उठून सांगितलं. काही दिवसांनी संध्याकाळी एक माणूस त्यांच्या दारात आला. बायको अडली आहे, लगेच चला म्हणाला. डॉक्टर जेवणावरून उठले. त्या घरात बायको नव्हती. चार-पाच पुरुष होते. घोडा एकटाच घरी आला तेव्हा डॉक्टरांची बायको कंदील घेऊन निघाली आणि तिला ते चरात पडलेले सापडले. गुडघ्याचा चुरा झाला होता. काठी तेव्हापासूनची.

काठीपाशी आलो की मी आवाज खाली आणायची. लोक गप्प व्हायचे, एखादी बाई तोंडावर हात धरायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याची भीती सांगताना आपली जरा कमी होते.

मग मी विचारायची, यानंतर डॉक्टरांनी रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर जायचं सोडलं असेल, असं वाटतं ना? आणि सांगायची, नाही, लंगडत लंगडत जात राहिले, शेवटपर्यंत. फक्त तेव्हापासून घोडागाडीत त्यांची बायको सोबत बसायची. एवढं सांगून मी सगळ्यांना स्वयंपाकघराकडे न्यायची.

गेल्या वर्षी माझी लेक निवडणुकीला उभी राहिली आणि माझं हे सगळं सांगणं पहिल्यासारखं राहिलं नाही.

लेक डॉक्टर आहे. शिकागोत शिकली, तिथेच राहील असं वाटलं होतं, पण ती परत गावात आली आणि आमच्या घरापासून जवळच एका क्लिनिकमध्ये लागली. राहते आमच्याचकडे. गावच्या हॉस्पिटलचा बाळंतपणाचा विभाग बंद झाला, आणि तिची एक पेशंट दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलला पोचायच्या आत गाडीतच बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. त्या दिवशी लेक घरी आली ती जेवली नाही, बोलली नाही. महिनाभराने तिने जेवताना सांगितलं, की ती राज्याच्या विधिमंडळासाठी उभी राहते आहे.

मी म्हटलं, "तुला काय वेड लागलंय का?"

"आई, कम ऑन. तू दर सॅटरडेला त्याच माणसाची स्टोरी सांगतेस."

"ती गोष्ट आहे," मी म्हटलं. "तू माझी मुलगी आहेस."

नवरा म्हणाला, उभी राहू दे, पडेल आणि गप्प बसेल. त्याचा धीर देण्याचा प्रकार असा आहे.

मला मात्र रात्रंदिवस एकच दिसू लागलं, कुणीतरी हिला काहीतरी करणार. उमेदवाराचा पत्ता इथे जगजाहीर असतो. तिचा पत्ता म्हणजे आमचं घर, आमची बेल. फोनवर निरोप यायला लागले. शिव्यांचे निरोप ती ऐकून पुसून टाकायची. एका निरोपात शिवी नव्हती. पुरुषाचा शांत आवाज होता. तुझी निळी गाडी क्लिनिकच्या मागच्या बाजूला उभी असते, तू एकटीच निघतेस, एवढंच तो म्हणाला. पोलिसांनी ते ऐकलं आणि म्हणाले, यात धमकी अशी काही नाही. मला तर त्यात धमकीशिवाय दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

इथे उमेदवार घरोघरी जाऊन दार ठोठावतो. कुठल्या घरी जायचं ते फोनमध्ये दिसतं. लेकीला तिच्या लोकांनी नियम शिकवले होते आणि तिने ते मला धीर द्यायला म्हणून ऐकवले. हिरवळीवरून चालायचं नाही. बेल वाजवली की मागे सरून उभं राहायचं, म्हणजे आतल्याला आपण पूर्ण दिसतो. हात खिशात घालायचे नाहीत. खिडकीतून आत बघायचं नाही. हे ऐकून मला धीर आला नाही. एवढे नियम लागतात म्हणजे काय काय होत असेल, हेच मी बघत बसले.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तिच्याबरोबर फिरणारी मैत्रीण आजारी पडली. एकटी जाते म्हणाली. मी म्हटलं, एकटी जायचं नाही, गाडी मी चालवते. माझा बेत वेगळा होता. तासभर फिरून, पाठ दुखतेय असं सांगून तिला घरी आणायचं.

गावाबाहेर पडलो. मका काढून झाला होता, रिकाम्या शेतांवर धूळ होती, आणि घरं एकमेकांपासून इतकी लांब की एका घरात कुणी ओरडलं तर दुसऱ्या घरात ऐकू जाऊ नये. मी प्रत्येक घरापुढे गाडी वळवून, तोंड रस्त्याकडे करून उभी करायची. लेक हसली. "आई, धिस इज नॉट अ बँक रॉबरी." मी इंजिन बंद केलं नाही.

उन्हं कलली तसं मी पाठीचं काढलं. ती म्हणाली, "ओके, एक लास्ट घर."

पांढरं घर होतं, बाजूला गॅसची टाकी, पुढे झेंडा. आणि दाराच्या अलीकडेच, गवतात, तिच्या विरोधकाच्या नावाची पाटी रोवलेली. मी म्हटलं, इथे कशाला? ती म्हणाली, फोनमध्ये दाखवतंय. आणि उतरली.

मी आरशातून बघत होते. तिने बेल वाजवली, मागे सरली, हात बाहेर ठेवले. एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. लेकीने आपलं माहितीपत्रक पुढे केलं. बाईने ते वाचलं, वर बघितलं, आणि एकदम लेकीच्या कोटाची बाही धरली. लेकीने माझ्याकडे वळून हाताने थांब अशी खूण केली. मग खाली वाकून बूट काढले, नीट भिंतीशी लावून ठेवले, आणि आत गेली. दार बंद झालं.

बूट काढायची सवय तिला मीच लावलेली. लहानपणी ती शाळेतून धावत यायची आणि बुटांसकट कार्पेटवर जायची, तेव्हा मी तिला परत दारात पाठवायची. आता पोर्चवर तिचे जांभळे बूट होते आणि ती नव्हती.

काही काळ मी स्वतःला समजावलं. बोलत असतील. चहा विचारला असेल. इथे कुणी चहा विचारत नाही, हे मला माहीत होतं. मी तिला फोन लावला. फोन माझ्या शेजारी वाजला. गाडीतच ठेवून गेली होती.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टरांची ती काठी आली. बायको अडली आहे, लगेच चला. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की प्रत्येक पायरी मला पाठ आहे, आणि आता एकेक पायरी माझ्यापुढे खरी होत होती. माहितीपत्रकावर ठळक अक्षरात डॉक्टर लिहिलेलं होतं. म्हातारीने तेच वाचलं आणि बाही धरली. कुणीतरी आजारी आहे म्हटलं असेल आणि ही धावली असेल. हिला आत न्यायला दुसरं काही सांगायची गरजच नव्हती.

पोलिसांना फोन करावा, तर सांगणार काय? माझी मुलगी बूट काढून एका घरात गेली आहे? मला रामरक्षा येते, लहानपणापासून येते, पण तेव्हा पहिली ओळसुद्धा आठवेना.

इतक्यात रस्त्यावरून एक पिकअप ट्रक भरधाव आला आणि वळून नेमका माझ्या पुढे उभा राहिला. माझी रस्त्याकडची वाट बंद झाली. एक उंच माणूस उतरला. चाळिशीचा, डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट. तो माझ्या खिडकीशी आला. मी दारं लॉक केली, तो आवाज त्यालाही ऐकू गेला असणार. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पोर्चवरच्या बुटांकडे बघितलं, आणि काचेवर बोटं वाजवून विचारलं, मी कोण आहे आणि त्याच्या आईवडिलांच्या दारात काय करते आहे.

मी काच दोन बोटं खाली केली. निवडणूक म्हणावं की मत म्हणावं, काही सुचेना. तोंडून निघालं ते एवढंच, "डॉक्टर आत आहे."

त्याचा चेहरा एकदम उतरला. तो धावत सुटला. दार उघडं टाकून आत गेला आणि आतून त्याचं ओरडणं ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. पुरुष माणूस ओरडतोय आणि माझी मुलगी आत आहे, एवढंच कळलं.

मी गाडीतून कशी उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. पाय माझे नव्हतेच. पोर्चखालून कुत्रा भुंकत आला, आणि ज्या कुत्र्याला एरवी बघून मी रस्ता बदलला असता, त्याच्या अंगावरून मी गेले. दारात पोचले. आणि तिथे, आत माझ्या पोटच्या पोरीचं काय होतंय ते माहीत नसताना, मी खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठ बसली होती. मी रडत होते आणि गाठ सोडवत होते. शेवटी टाचेनेच बूट ओढून काढले, लेकीच्या बुटांशेजारी ठेवले आणि मोज्यांवर आत शिरले.

स्वयंपाकघरात टेबलापाशी एक म्हातारा जमिनीवर कुशीवर पडला होता. अर्धा चेहरा ओघळलेला. लेक त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली होती, एक हात त्याच्या जबड्याखाली. तो उंच माणूस तिच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, तू कोण, बापाला हात का लावतेस. लेकीने वर बघितलंसुद्धा नाही. इतक्या थंड आवाजात बोलली, की तो माझ्या मुलीचा आवाज मला ओळखू येईना. मी डॉक्टर आहे, तुमच्या वडिलांना स्ट्रोक आला आहे, ॲम्ब्युलन्स बोलावली आहे, तुम्ही बाहेर जा आणि तुमची गाडी वाटेतून काढा.

तो जागचा हलेना. मग म्हातारी म्हणाली, "डू ॲज शी सेज." तेव्हा तो गेला.

नंतर कळलं. म्हातारा दुपारपासून बोबडं बोलत होता, चमचा हातातून पडत होता, पण ॲम्ब्युलन्सचं नाव काढू देत नव्हता. म्हातारीने मुलाला फोन केला, तो लांब शेतावर होता. आणि तेवढ्यात बेल वाजली.

ॲम्ब्युलन्स यायला फार वेळ लागला. म्हातारी खुर्चीत बसून माझा हात धरून होती, इतका घट्ट की अंगठी रुतली. ते लोक म्हाताऱ्याला घेऊन गेले, मुलगा मागोमाग पिकअपमध्ये गेला. जाताना त्याने लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. थँक्यू म्हणाला नाही.

परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. मग मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि म्हटलं, "नाव मागे घे."

"आई, प्लीज. नॉट नाऊ."

"आत्ताच. मला सहन होत नाही. मी मरून जाईन एखाद्या दिवशी त्या गाडीत बसून."

"तो माणूस बेसिकली चांगलाच होता. ही वॉज स्केअर्ड, दॅट्स ऑल."

"आज होता. उद्याचा नसेल."

ती बाहेर बघत म्हणाली, "तूच सांगतेस ना लोकांना, की तो डॉक्टर परत जात राहिला?"

"सांगते," मी म्हटलं. "कारण तो माझ्या पोटचा नव्हता."

थोड्या वेळाने तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. मी गाडी सुरू केली.

पुढच्या शनिवारी मी डॉक्टरांच्या घरी गेले. चार माणसं आली होती. काठीपाशी थांबले, गोष्ट सांगितली, आवाज आपोआपच खाली गेला. तेव्हापासून गाडीत त्यांची बायको सोबत बसायची, असं म्हणाले आणि नेहमीसारखी स्वयंपाकघराकडे वळले, पण पाय उचलेना. जिन्याशेजारी तिचा फोटो आहे. ओठ घट्ट मिटलेली, किरकोळ बांध्याची बाई. इतकी वर्षं मी तिच्यापुढून जाते आणि लोकांना एवढंच सांगते की चौकट अक्रोडाच्या लाकडाची आहे. आता मनात आलं, नवरा परक्या घरात शिरायचा, दार बंद व्हायचं, आणि ही बाहेर अंधारात लगाम धरून बसायची. गोष्टीत शूर कोण, ते मी चुकीचं सांगत आले होते की काय, कोण जाणे. पण एक नक्की, ती घाबरलेली होती. मला तिच्या तोंडावरून कळलं. एका बाईने मला विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मी म्हटलं, हो, चला, चूल बघू.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी घरी एकटी होते. नवरा केस कापायला गेला होता, लेक क्लिनिकमध्ये. बाहेर थंडगार पाऊस लागला होता. बेल वाजली.

मी गॅस बंद केला आणि श्वास धरून उभी राहिले. पुन्हा वाजली. मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि भोकातून बघितलं. तोच होता. पिकअपवाला. दारापासून मागे सरून उभा होता, मला पूर्ण दिसेल असा. टोपी हातात. आणि पायांत बूट नव्हते. ते चिखलाचे बूट त्याने भिंतीशी नीट लावून ठेवले होते, आणि तो जाड राखी मोज्यांवर माझ्या ओल्या सिमेंटवर उभा होता.

आम्हा लोकांच्या दारात असंच करतात, असं त्याला वाटलं असणार. दारात काढलेले चार बूट त्याने बघितले होते.

मी साखळी लावूनच दार उघडलं. त्याने वडिलांचं सांगितलं, जगले आहेत, बोलता येत नाही, पण आईला ओळखतात. मग म्हणाला, एक गोष्ट आधीच सांगतो, मी तुमच्या मुलीला मत देणार नाही. मी म्हटलं, बरं. तो आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. मग त्याने एका रस्त्याचं नाव घेतलं. धान्याच्या कोठारापलीकडे जो खडीचा रस्ता जातो तो. तिला म्हणावं, तिकडे जाऊ नको. कुणाचंही बोलावणं आलं, कुणी आजारी आहे म्हणालं, तरी जाऊ नको. तिकडची काही माणसं बोलत होती, मी ऐकलं.

मी विचारलं, पोलिसांना सांगाल का?

त्याने टोपी डोक्यावर चढवली. "दे आर माय नेबर्स," एवढंच म्हणाला. मग पायरीवर बसून, पाठमोरा, त्याने बूट चढवले. मी त्याला आत या म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण हात साखळीवरून निघाला नाही. तो गेल्यावर सिमेंटवर त्याच्या पावलांची ओली जागा तेवढी राहिली.

लेक घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, आई, तू ना, म्हणेल. ती हसली नाही. कोट न काढता खुर्चीत बसली. काल क्लिनिकमध्ये फोन आला होता म्हणाली, आजी आजारी आहे, घरी येऊन बघाल का. तिने शनिवारी येते म्हणून सांगितलं होतं. पत्ता त्याच रस्त्यावरचा.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरली होती. इतके दिवस मला हेच हवं होतं, की हिला जरा तरी भीती वाटावी. आता ती वाटली, आणि मला ते बघवेना. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, लहानपणी ताप आल्यावर फिरवायची तसा.

तिने पोलिसांना फोन केला, तो पत्ता दिला. या वेळी त्यांनी लिहून घेतलं. नवरा आला, त्याने ऐकलं, आणि पहिल्यांदाच मॅच न लावता तो आमच्याशेजारी बसला.

बराच वेळ गेल्यावर लेक म्हणाली, "त्या रोडवर मी नाही जाणार. पण बाकीची घरं राहिलीत, आई. उद्या तू ड्राइव्ह करशील?"

मी म्हटलं, "करीन. पण एक सांगते. कुणी कितीही प्रेमाने आत बोलावलं, तरी कुणाच्या दारात बूट काढायचे नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"पळावं लागलं तर?" मी म्हटलं.